मेंदूची गंगाजळी

(सोलापूर येथे सरांच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. भाषण पाऊण तासात संपवायचं आणि लोकांना घाबरवायचं नाही. पहिली अट मी पाळीन. दुसरीचं मला फारसं ओझं नाही, कारण आत येताना तिघांनी मला बाजूला घेऊन हळूच एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, हल्ली नावं आठवत नाहीत. ही सुरुवात तर नाही ना?" म्हणजे तुम्ही घाबरूनच आला आहात. त्यात मी काय भर घालणार?

आधी त्या तिघांना उत्तर देतो. शेजाऱ्याचं नाव ऐन वेळी अडलं आणि रात्री जेवताना आठवलं, तर निश्चिंत झोपा. पण चाळीस वर्षं जी आमटी डोळे मिटून केली तिच्यात कशानंतर काय घालायचं ते समजेनासं झालं, रोजच्या रस्त्यावर घराकडचं वळण चुकलं, दुधाचा हिशोब लागेना, तर डॉक्टरकडे जा. आणि जाताना घरच्या कोणाला तरी बरोबर न्या. कारण स्वतःहून एकटा येऊन "माझी स्मरणशक्ती गेली" असं सविस्तर सांगणारा माणूस बहुधा ठीक असतो. ज्याची खरोखर जाते त्याला तक्रार नसते, ती घरच्यांना असते.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे. चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या म्हणीने केलेलं नुकसान मी पाहिलं आहे. म्हातारं माणूस विसरायला लागलं की घरचे म्हणतात, वयच झालं. दोन वर्षं अशीच जातात. मग कधीतरी कळतं की शरीरातलं बी-१२ तळाला गेलं होतं, थायरॉइड बिघडला होता, किंवा नवरा गेल्यापासून बाईंना नैराश्य होतं. ही सगळी उपचार करण्यासारखी दुखणी. म्हणीचं गणितही चुकीचं आहे. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या शंभरांत सात ते आठ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. आकडा मोठाच आहे. पण उरलेल्या ब्याण्णवांची बुद्धी साठीनंतरही जागेवर आहे, हे म्हण रचणाऱ्याच्या लक्षात आलं नाही.

आता सरांविषयी. ही व्याख्यानमाला ज्यांच्या नावाने चालते ते सर तुमच्यापैकी अनेकांना वर्गात भेटले, मला वर्गाबाहेर जास्त भेटले. सरांच्या घरची भाषा कानडी. शिकवलं आयुष्यभर मराठीतून. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांची मुलं वर्गात होती म्हणून तेलुगू शिकले, आणि बाजारात दखनीत असे भांडायचे की भाजीवाला खूश होऊन कोथिंबीर फुकट द्यायचा. रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेरी. तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकली नाही, हे मी त्यांचा डॉक्टर म्हणून सांगू शकतो. आणि तरी वयाच्या पंच्याऐंशीनंतर सरांची स्मृती गेली. शेवटच्या वर्षात त्यांनी मला ओळखलं नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. 'हे करा, ते टाळा, मेंदू शंभर वर्षं शाबूत' असं मी सांगितलं असतं, तर ज्यांनी सरांना शेवटी पाहिलं त्यांनी मनात विचारलं असतं, मग सरांचं काय चुकलं? तो प्रश्न मी विसरणार नाही, शेवटी त्याच्याकडे येतो.

१९८८ साली रॉबर्ट कॅट्झमन नावाच्या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने एका वृद्धाश्रमातल्या १३७ मृतांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात दहा जण असे निघाले की त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण जिवंतपणी त्यांचं वागणं-बोलणं अगदी चोख होतं. मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली आजारी, माणूस मात्र ठणठणीत. आम्हा डॉक्टरांना हे पचायला जड गेलं, कारण आमचं शिक्षणच 'जेवढा बिघाड तेवढा आजार' या हिशोबावर झालं होतं.

याच सुमाराला, १९८६ मध्ये, डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतल्या कॅथलिक जोगिणींचा अभ्यास सुरू केला. नोत्र दामच्या शाळाभगिनी, बहुतेक शिक्षिका. ६७८ जणी मरणोत्तर मेंदू द्यायला तयार झाल्या. कल्पना बघा, एकाच पद्धतीच्या घरात राहणाऱ्या, सारखंच अन्न खाणाऱ्या, विडी-सिगारेट नाही, बाळंतपण नाही. संशोधकाला याहून चांगलं माप मिळणं अवघड. त्यांतल्या सिस्टर मेरी या भगिनी चौऱ्याऐंशीपर्यंत काम करत होत्या आणि वयाच्या १०१ व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत स्मरणशक्तीच्या चाचण्यांत गुण उत्तम. नंतर मेंदू पाहिला तर त्यात अल्झायमरच्या गाठी आणि डाग खच्चून भरलेले.

या कोड्याला कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव्ह स्टर्न यांनी जे नाव दिलं, त्याला मी मराठीत गंगाजळी म्हणतो. सहकारी बँकेची निवडणूक लढवलेले काही जण इथे बसले आहेत, त्यांना हा शब्द समजावायला नको. कर्ज बुडालं तरी बँक लगेच बुडत नाही, कारण बाजूला काही साठवलेलं असतं. मेंदूचंही तसंच. आयुष्यभर शिकलेलं, केलेलं, बोललेलं, निस्तरलेलं, त्यातून पेशींमध्ये एकाऐवजी चार वाटा तयार होतात. आजाराने एक बंद केली की काम दुसरीने चालतं. तुम्ही सोलापूरकर आहात, मागावर धागा तुटला तर विणकर काय करतो ते तुम्ही पाहिलं आहे. गाठ मारतो आणि पुढे जातो. चादर हातात घेणाऱ्याला ती गाठ दिसत नाही.

म्हणजे गोष्टी दोन झाल्या. धागे कमी तुटावेत, आणि तुटले तरी गाठ मारणारा हात असावा. बाजारात या विषयावर जे काही बोललं आणि विकलं जातं, त्यात या दोन्हींचा घोटाळा असतो.

गंगाजळीचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात एकभाषकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली. परदेशात असे निष्कर्ष आधी आले होते, पण तिथे शंका राहायची. दोन भाषा बोलणारे बहुधा शिकलेले किंवा दुसऱ्या देशातून आलेले असतात, मग श्रेय भाषेला द्यायचं की शिक्षणाला? हैदराबादेत शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही घरी तेलुगू आणि रस्त्यावर दखनी बोलतो. आणि निरक्षरांमध्येही हा फरक दिसला.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका आठवल्या. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारणीशी कानडी, मुसलमान दुकानदाराशी दखनी. सही म्हणून अंगठा. जनगणनेत त्यांची नोंद निरक्षर. पण एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना भाषा बदलायची, आणि बोलताना बाकीच्या तीन दाबून ठेवायच्या, हा मेंदूचा व्यायाम त्या दिवसातून शंभर वेळा करत होत्या. कोणी त्यांना कधी हुशार म्हटलं नाही.

डॉक्टर म्हणून लगाम घालतो. हा अभ्यास दवाखान्यात आलेल्या रुग्णांचा होता. निरोगी माणसं निवडून पुढे वर्षानुवर्षं पाहिली, तर असा फायदा प्रत्येक वेळी दिसलेला नाही. त्यामुळे उद्यापासून कोणी मोबाइलवर स्पॅनिश शिकायला लागू नये. शिकायचंच असेल तर जिच्याशी तीस वर्षं फक्त 'बरं आहे का' एवढंच बोललात त्या शेजारणीची भाषा शिका. भाषेबरोबर माणूसही मिळतं.

आता कानांकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आल्या. सासरे यंत्रमागावर पस्तीस वर्षं काम केलेले. "मामांचं डोकं फिरलंय डॉक्टर," त्या म्हणाल्या, "काय विचारलं तर भलतंच सांगतेत. नातू म्हणाला चहा, तर हे म्हणतेत दहा वाजले." मामा शांत बसून होते, हसत होते. मी पाठीमागे जाऊन विचारलं, उत्तर नाही. समोर येऊन, ओठ दिसतील असं हळू विचारलं, तर गावाचं नाव, मुलांची नावं, पंतप्रधानांचं नाव, सगळं बिनचूक. यंत्रमागाच्या खडखडाटात पस्तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान जातात. ते मनोरुग्ण नव्हते, बहिरे होते. पण अंदाजाने उत्तरं देऊन त्यांनी पाच वर्षं निभावलं होतं, आणि मग लोकांत जाणंच बंद केलं होतं.

डिमेन्शियावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा ताजा अहवाल २०२४ चा. टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके त्याने मोजले आहेत, आणि ऐकू कमी येणं हा त्यांतल्या सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी आहे. का, याची कारणं अजून तपासली जात आहेत, पण त्यातलं बरंचसं घरात बसूनही दिसतं. अर्धवट आवाजाचा अर्थ लावण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला काही उरत नाही. आणि ऐकू येत नाही तो माणूस गप्प होतो. लग्नात कोपऱ्यात बसतो, फोन दुसऱ्याच्या हातात देतो. कान गेला की माणसं जातात, ही त्याची खरी किंमत.

अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्यांना कानाचं यंत्र दिलं. २०२३ साली निकाल आला तेव्हा सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका आधीपासून जास्त होता, त्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली होती. आपल्याकडे काय होतं? मुलगा हौसेने महागडं यंत्र आणतो. आजोबा दोन दिवस लावतात. ते शिट्टी मारतं, भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो, मग ते कपाटात जातं, जुन्या घड्याळाशेजारी. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि ते चार वेळा जाऊन जुळवून घ्यावं लागतं, हे दुकानदाराने सांगितलेलं नसतं. चष्मा लावायला आपल्याला लाज वाटत नाही. कानाच्या यंत्राचीच का वाटते, हे मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही. मोतीबिंदूचंही यातच धरा. न दिसणंही आता त्या चौदांत आलं आहे.

रक्तदाबावर मी जास्त बोलणार नाही, कारण तुम्हाला ते पाठ आहे आणि तुम्ही ते करत नाही. "गोळी एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते" म्हणून गोळी टाळणारी माणसं मला अजून भेटतात, मंगळसूत्रही आयुष्यभराचंच घालून आलेली असतात. चीनमधल्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०२५ साली आला. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी रक्तदाब नेटाने खाली आणला. गोळ्या साध्याच, वैद्य काही मोठे तज्ज्ञ नव्हेत. चार वर्षांनी त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी. हा निकाल मला इतर सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात काहीच चकचकीत नाही. हे काम आपल्या आशाताईंच्या आवाक्यातलं आहे. मेंदूत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं दाबाखाली राहून खराब होतात, आणि ही खराबी साठीत नाही, चाळिशीत सुरू होते. तेव्हा ही गोष्ट तुम्ही ऐकण्यापेक्षा घरी जाऊन मुलाला सांगा. त्याच्या हेल्मेटचंही सांगा. डोक्याला लागलेला मारही त्या यादीत आहे, आणि आपल्या शहरात हेल्मेट बहुधा डोक्यावर नसतं, टाकीवर असतं.

जे विकलं जातं त्याचंही थोडं. मेंदूचे खेळ खेळा, बुद्धी टिकवा, असा दावा करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०१६ साली तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोडीत २० लाख डॉलर मोजावे लागले. सुडोकू सोडवणारा सुडोकूत तरबेज होतो, एवढं नक्की. गिंको या झाडपाल्याच्या अर्कावर तीन हजारांवर वृद्धांचा प्रयोग झाला, फायदा दिसला नाही. मेंदूसाठी खास बेतलेल्या एका आहाराचा तीन वर्षांचा प्रयोगही २०२३ मध्ये नेहमीच्या, थोडा कमी केलेल्या आहाराच्या पुढे जाऊ शकला नाही. बदाम खा, चांगले असतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पालेभाजी हेही चांगलंच असतं. चटणीतलं मीठ मात्र मोजा. आणि शुद्ध शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ही कमतरता किती सर्रास आहे ते दाखवून दिलं आहे, आणि विसरण्याचं ते एक दुरुस्त होणारं कारण आहे.

मग काहीच उपयोगी पडत नाही का? फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० जणांना घेऊन वेगळीच वाट धरली. एकच गोष्ट नाही, चार एकत्र: व्यायाम, आहार, बुद्धीला काम, आणि रक्तदाब-साखरेवर नजर. दोन वर्षांनंतरचा निकाल २०१५ साली आला, तेव्हा ज्यांनी हे सगळं केलं त्यांची बौद्धिक चाचण्यांतली सुधारणा इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. अमेरिकेत २,१११ जणांवर तसाच प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये त्याचाही निकाल अनुकूल आला. त्यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. ज्यांना फक्त माहिती देऊन 'तुमचं तुम्ही करा' म्हटलं तेही सुधारले, पण ज्यांचे गट केले, नियमित भेटी ठेवल्या, ते अधिक सुधारले. मला वाटतं, यात एकमेकांकडे जाण्याचाही वाटा असणार. आपले ज्येष्ठ नागरिक संघ हे काम तिळगुळापुरतं करतात. रोज करता येईल.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे आलो आहे ते सांगतो.

माझे वडील गेल्यावर आईला मी गावाहून इथे आणलं. ती अठ्ठ्याहत्तरची. मी आणि पत्नी दोघंही डॉक्टर, हौस मोठी. स्वयंपाकाला बाई होतीच. "आई, तू आता काही करायचं नाहीस. खूप केलंस." भाजी निवडायला घेतली की पत्नी ताट काढून घ्यायची, प्रेमाने. जिना उतरू द्यायचो नाही, पडेल म्हणून. पैसे हातात नाहीत, लागतात कशाला? औषधं डब्यात भरून समोर. सहा-सात महिन्यांत आई एकच प्रश्न तीनदा विचारायला लागली, वार विसरायला लागली. मी, मेंदूवर व्याख्यानं देणारा माणूस, मनात निदान करून मोकळा झालो.

तेव्हा सरांना घरी जेवायला बोलावलं होतं. आईशी त्यांनी तासभर कानडीत गप्पा मारल्या. आईचं माहेर विजापूरकडचं, माझ्या घरात ती भाषा बोलायला कोणीच नव्हतं. जाताना सर दारात मला म्हणाले, "अरे, तिला वार लक्षात ठेवायचं कारण काय ठेवलंयस तू?"

मी गप्प बसलो. गावी मंगळवारी बाजार असायचा, गुरुवारी दत्ताचं देऊळ, शनिवारी पिठाची गिरणी बंद. वार तिला त्या कामांनी सांगितलेले होते. आम्ही कामं काढून घेतली आणि वार तिच्याकडे मागत होतो.

दुधाचा आणि इस्त्रीचा हिशोब तिच्याकडे दिला. चटणी खलबत्त्यात तिनेच कुटायची ठरली. कान तपासले, बी-१२ तपासलं, दोन्हीकडे थोडी खोट निघाली, ती भरली. आई तरुण झाली असं मी सांगणार नाही. पण इस्त्रीवाल्याने दोन शर्ट जास्त लावल्याचं तिने पुढच्याच महिन्यात पकडलं, आणि त्याच्याशी तिने जे भांडण केलं ते मी दवाखान्यातून घरी येताना जिन्यातच ऐकलं. मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

म्हाताऱ्या माणसाला आपण आराम देतो तेव्हा बहुतेकदा त्याची गंगाजळी काढून घेत असतो. हे निष्काळजी घरांत होत नाही, तिथे म्हाताऱ्यांना पाणी भरावंच लागतं. हे प्रेमळ, सुखवस्तू घरांत होतं. 'पडाल, जपा', 'मी आणतो, तुम्ही बसा', 'तुम्हाला तो मोबाइल जमायचा नाही'. जीवनशैली हा शब्द आपण वापरतो तेव्हा डोळ्यांपुढे व्यायामाचे बूट आणि कोशिंबिरीची वाटी येते. म्हातारपणी जीवनशैली बरीचशी घरातल्या इतरांच्या हातात असते, हे त्या चित्रात येत नाही. चाल आजोबांची असते, पण दाराची किल्ली सुनेकडे असते.

आता सरांचा प्रश्न. लॅन्सेटच्या आयोगाने म्हटलं की ते चौदाही धोके दूर झाले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल. हा आकडा समाजाचा आहे, एका माणसाचा नाही. आणि उरलेल्या ५५ टक्क्यांवर आज आपला इलाज नाही. वय आणि आनुवंशिकता कोणाच्या चालण्याला भीत नाहीत. 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेला, स्मृती हरवत गेलेला संस्कृत पंडित तुम्ही पाहिला असेल. विद्वत्ता ही काही कवचकुंडलं नाहीत. म्हणून ज्याला हा आजार झाला त्याने काही चुकवलं असेल, असा संशय कृपा करून घेऊ नका. सरांच्या घरच्यांना तो ऐकावा लागला आहे. "एवढं वाचायचे, मग कसं काय?"

सरांचं काही चुकलं नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते याच व्यासपीठावर दीड तास बोलले, हातात चिटोरं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांत सगळं गेलं. घरचे म्हणाले, अचानक झालं. अचानक नव्हतं. मोठ्या गंगाजळीचा हा ओळखीचा हिशोब आहे: आजार आत बरीच वर्षं चाललेला असतो, माणूस गाठी मारत राहतो, आणि गाठी मारणं आटोक्याबाहेर गेलं की उतार इतरांपेक्षा जलद होतो. त्यांच्या मेंदूत कधी काय सुरू झालं ते मला कळायचा मार्ग नाही. पण मधल्या ज्या वर्षांत ते तुमच्याशी चार भाषांत भांडत होते, ती वर्षं त्यांनी कमावलेली होती असं मी मानतो. शेवटी मराठी गेली, तेलुगू गेली, राहिली ती कानडी. मी आईला घेऊन जायचो. दोघं बोलायची. काय बोलायची ते मला अर्धंच कळायचं.

घड्याळ पाहतो आहे, एक अट पाळली. बाहेर व्हरांड्यात दोन टेबलं मांडली आहेत. एकावर रक्तदाब मोजतील, दुसऱ्यावर कान तपासतील. चहा त्यानंतर आहे, आधी नाही, हे मीच सांगून ठेवलं आहे. मागच्या तीन रांगांतले लोक मघापासून माझ्या विनोदांवर इतरांच्या नंतर हसत आहेत. त्यांनी कानाच्या टेबलापासून सुरुवात करावी.